पोड, पांधण आणि रपटा

[दृश्य: जुलै महिना. काळ्या मातीची पांधण, बंडीच्या चाकोरीत साचलेलं पाणी.]

अलीकडे महसुली गाव, पलीकडे पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मधे दोन किलोमीटर पांधण, म्हणजे शेतातली कच्ची वाट, आणि एक नाला. यवतमाळकडे अशी जागा शोधत फिरावं लागत नाही.

पोडाची, तांड्याची, टोल्याची माणसं जनगणनेत मूळ गावाच्या आकड्यात जातात. मूळ गावात डांबर पोहोचलं, की कागदावर पोडही रस्त्याला लागतो. बसचंही तसंच. गावात बस येत नसेल, तर २०११ च्या गावनिहाय माहितीत अंतराचा नुसता गट दिसतो: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढे. साडेचार किलोमीटर म्हणजे जानेवारीत सायकलचा रस्ता. जुलैत तेच अंतर चप्पल हातात घेऊन, टोंगळाभर चिखलातून. रकान्यात महिना लिहायची सोय नाही.

म्हणून पोडाला रस्ता मागायचा, तर आधी वस्तीची लोकसंख्या वेगळी काढायची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, ती वस्ती धरून. महसुली गाव धरून नव्हे. सपाट भागात ५०० लोक लागतात, अनुसूचित, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात २५०. अमरावतीचे धारणी, चिखलदरा तालुके या क्षेत्रात आहेत. यवतमाळच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी इथली मात्र काही गावंच. शेजारच्या गावाला अडीचशे लागू, म्हणून आपल्यालाही, असं धरून चालायचं नाही. यादीत गावाचं नाव बघायचं. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही आकडा २०११ चाच. तेव्हा २३० असलेला पोड आज तीनशेवर गेला, तरी हिशेबात २३०. मग पाचशे मीटरच्या आत दुसरी वस्ती आहे का, ते पाहायचं. नियमाप्रमाणे दोन्हींची माणसं एकत्र धरता येतात.

रस्ता मंजूर झाला, की गाठ काळ्या मातीशी. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ गिट्टी अंथरली, तर पहिल्याच पावसाळ्यात गिट्टी खाली जाते आणि चिखल वर येतो. म्हणून आधी मुरमाचा थर, पाणी मारून रोलरनं दाबलेला. रस्ता शेतापेक्षा उंच, दोन्ही अंगांना नाली. पुढे कुणीतरी शेतात बंडी न्यायला ती नाली मातीनं बुजवतो, खाली पाइप न टाकता. पाणी तिथेच तुंबतं आणि रस्ता तिथूनच खचतो.

[दृश्य: नाल्यावरचा सिमेंटचा पाइप, अगदी जवळून.]

पाइपाच्या तोंडाशी बघा. पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाची, तुरीची वाळली झाडं), खताची फाटकी पोती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर टाकलेल्या पऱ्हाट्या पहिल्या मोठ्या पावसात वाहत इथे येतात. तोंड बंद झालं, की पाणी वरून उडी मारतं आणि खालच्या अंगाचा भराव खरवडून नेतं. पाइप शाबूत, रस्ता गायब! मे महिन्याच्या शेवटी चार माणसं, दोन फावडी, अर्धा दिवस. काम एवढंच असतं.

रपट्याची, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरसबंद वाटेची गोष्ट वेगळी. तो बुडणार, हे धरूनच बांधलेला असतो. पूर काही तास वरून गेला, तरी सरकारी व्याख्येत रस्ता बारमाहीच राहतो. पण गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याला ठरलेलं. २०११ मध्ये गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती, राज्यात ३६५. पुलाचा खर्च काही माणसं मोजून कमी होत नाही.

आता एसटी. गावचा डांबरी पट्टा बहुधा पावणेचार मीटर रुंद, कुठे तीनच. बस साधारण अडीच मीटर. समोरून बंडी आली, की एक चाक खाली उतरवावं लागतं. साइडपट्टी काळ्या मातीची असेल, तर ते चाक परत वर येत नाही. मग ट्रॅक्टर बोलवा. म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव आगार व्यवस्थापकाकडे नेण्याआधी साइडपट्टीवर मुरूम टाकून घ्यावा, आणि गावाच्या टोकाला बस वळवायची जागा मोकळी करावी.

मुक्कामी गाडी मागायची असेल, तर चालक-वाहकाला रात्री झोपायला खोली, पाणी आणि संडास हवा. तेवढं जमलं, तर पहाटेची पहिली फेरी गावातूनच सुटते.