चालणारा कोड जपून ठेवताना

नमस्कार श्रोतेहो,

स्क्रीन कोरी राहते, सेन्सर आकडे देत नाही, लायब्ररी इन्स्टॉल व्हायला नकार देते. दोन तास शोधाशोध केल्यावर उपाय सापडतो, काम पुढे सरकतं. सहा महिन्यांनी तीच अडचण पुन्हा दारात येते आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून प्रोग्रामिंग करणारी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणारी मंडळी कोडचे उपयोगी तुकडे, म्हणजे स्निपेट्स, आणि सेटअपची टिपणं जमवून ठेवतात. असा संग्रह नेमका कामी कधी येतो आणि दगा कधी देतो, हे आज पाहू.

नुसता कोड साठवून भागत नाही. तो कशावर चालला, कोणत्या आवृत्तीवर चालला आणि असाच का लिहिला, हेही त्याच्यासोबत हवं.

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचं उदाहरण घ्या. दर दहा सेकंदांनी सेन्सर वाचायचा आहे, पण मधल्या वेळात बोर्ड अडकून बसायला नको. म्हणून बोर्डला थांबवून ठेवणारं डिले टाळून आपण मिलिस हे फंक्शन वापरतो. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हे फंक्शन सांगतं. हा आकडा ३२ बिटांचा असतो. साधारण ४९.७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. आता तपासणी दोन तऱ्हांनी लिहिता येते. पहिली अशी: आत्ताची वेळ वजा मागची वेळ, हे उत्तर दहा हजार किंवा जास्त आहे का? दुसरी अशी: आत्ताची वेळ ही मागची वेळ अधिक दहा हजार, यापेक्षा मोठी आहे का? शाळेच्या गणितात दोन्ही सारख्याच. पण आकडा शून्यावर आला तरी पहिल्या तऱ्हेतली वजाबाकी बरोबर येते, कारण चिन्ह नसलेल्या संख्यांची वजाबाकी त्याच चक्रात फिरते. दुसऱ्या तऱ्हेत बेरीजच ओसंडून लहान होते. मग शेवटच्या काही सेकंदांत सेन्सर लूपच्या, म्हणजे सतत फिरणाऱ्या मुख्य कोडच्या, प्रत्येक फेरीत वाचला जातो, आणि आकडा शून्यावर येण्याची वेळ नेमकी वाईट साधली तर पुढचे जवळपास पन्नास दिवस वाचलाच जात नाही.

टेबलावर पाच मिनिटं चालवून पाहिलं तर दोन्ही तुकडे ठणठणीत वाटतात. म्हणून तुकड्याच्या वर एक ओळ हवी: ‘वजाबाकीच ठेवा, बेरीज करू नका, ५० व्या दिवशी बिघडतं.’ आणखी एक ओळ: ‘व्हेरिएबल अनसाइन्ड लाँगच हवा.’ म्हणजे ३२ बिटांचा, चिन्ह नसलेला. आर्डुइनो उनो बोर्डवर साधा इंट (पूर्णांक) १६ बिटांचा असतो, ३२,७६७ च्या पुढे जात नाही, म्हणजे तेहतिसाव्या सेकंदालाच हिशेब चुकतो. या दोन ओळी नसतील तर सहा महिन्यांनी कोड नीटनेटका करायला बसलेला माणूस नेमका तोच भाग बदलतो.

जोडणीच्या टिपणांत तर व्होल्टेज लिहिल्याशिवाय चालतच नाही. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची इको पिनही ५ व्होल्ट देते. उनोला ते चालतं. वाय-फाय असलेल्या ईएसपी३२ बोर्डच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या. मधे दोन रोधकांचा व्होल्टेज विभाजक लावा: इको पिनेपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि दोघांच्या सांध्यावरून बोर्डला वायर. तिथे ३.३३ व्होल्ट मिळतात. मूळ ईएसपी३२ वर आणखी एक खोडा आहे. एडीसी२, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या पिनांवर अ‍ॅनालॉग वाचन वाय-फाय सुरू केल्यावर बंद पडतं. सेन्सर एकटा तपासला तेव्हा चाललेला असतो, म्हणून लोक वायरी बदलत बसतात. पिन ३२ ते ३९ मधली, म्हणजे एडीसी१ ची, निवडली की प्रश्न मिटतो. आय-टू-सी, म्हणजे दोन वायरींच्या सामायिक जोडणीवरच्या, एलसीडीचा पत्ताही टिपणात लिहा. मागच्या पट्टीवर पीसीएफ८५७४ चिप असेल तर तो बहुधा हेक्सामधला (सोळाच्या पायाच्या मोजणीतला) २७ असतो, पीसीएफ८५७४ए असेल तर ३एफ. ही सामायिक जोडणी तपासून पत्ता सांगणारा छोटा स्कॅनर प्रत्येक संग्रहात असावाच. पत्ता बरोबर आणि तरी अक्षरं दिसत नसतील, तर आधी मागचा कॉन्ट्रास्टचा निळा पोटेन्शिओमीटर फिरवा.

सेटअपची टिपणं फार लवकर जुनी होतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचंच पाहा. एप्रिल २०२२ पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘पाय’ हा तयार वापरकर्ता मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीत कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून त्याच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. त्याच आवृत्तीपासून पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने थेट पॅकेज टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार येतो. तिथे व्हेन्वने प्रकल्पापुरतं वेगळं पायथन तयार करणं हा सरळ मार्ग. नकार डावलणारा पर्यायही आहे, पण त्याने सिस्टीमचीच पॅकेजं बिघडू शकतात. तो टिपणात शिरू देऊ नका.

एररचा मजकूर जसाच्या तसा, अक्षरही न बदलता उतरवा. पुन्हा अडाल तेव्हा हातात उपाय नसतो, एरर असते, आणि शोध तिच्यावरूनच लागतो. त्यासाठी संग्रह साध्या टेक्स्ट फाइलींत असावा. मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मथळे आणि याद्या दाखवणारी पद्धत, पुरेशी आहे, आणि फोल्डर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवलं की कोणती ओळ कधी बदलली तेही कळतं. स्क्रीनशॉटमधला कोड फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला दिसत नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये तर मुळीच ठेवू नका. तो सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो, आणि डोळ्यांना बरोबर दिसणारी आज्ञा टर्मिनल नाकारतं. विंडोजमध्ये सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणाली, तर ओळींच्या शेवटी लपलेलं जादा चिन्ह काढा.

वाय-फायचा पासवर्ड आणि एपीआय की (ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) तुकड्यात कधीच नको. त्या वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, नोंदवा. चुकून कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, तर नंतर ओळ पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. आधी की रद्द करून नवी घ्या, सफाई मागाहून.

फाइली पुसणाऱ्या स्क्रिप्ट्स जपताना विशेष काळजी घ्या. फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि तो रिकामा राहिला, तर त्याच्यापुढच्या तिरक्या रेघेमुळे आज्ञा थेट सगळ्या सिस्टीमच्या मूळ (रूट) फोल्डरवर जाऊ शकते. लिनक्सच्या बॅश शेलमध्ये महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहा. रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

दुसऱ्याचा कोड घेतलात तर तो कुठला आणि त्याचा परवाना कोणता, हे त्याच दिवशी लिहा. परवानाच नसेल तर हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात.

टिपण पुरं झालं की कोऱ्या एसडी कार्डावर किंवा नव्या कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळ्या, कोऱ्या वातावरणात), फक्त त्यातल्याच पायऱ्या चालवून पाहा. आपल्या मशीनवर आधीपासून असलेलं पॅकेज, कधीतरी बदललेली परवानगी, केवळ चार्जिंगच्या कामाची यूएसबी केबल, असं सगळं लिहायचं राहिलेलं तिथे उघडं पडतं. चाललं की वर तारीख आणि आवृत्ती घाला. पुढे ते टिपण नव्या आवृत्तीवर चालेनासं झालं, तर पुसू नका. वर एक ओळ लिहा की अमुक आवृत्तीपर्यंतच चालतं, आणि नव्या टिपणाची फाइल कोणती. जुनं कार्ड घातलेला एखादा बोर्ड कुठेतरी अजून चालूच असतो, आणि त्याच्या दुरुस्तीला तीच जुनी पायरी लागते.