दहावा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे बारावीनंतर एखाद्याचं वर्ष मधे गेलं, की पुढच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या खिडकीतून पहिला प्रश्न येतो, "गॅप का पडला?" मग स्टॅम्प पेपर आणा, नोटरी शोधा, आणि मधल्या वर्षात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. मी ठाण्यात एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्ष वाया गेलेल्या मुलांचे आईबाप किती खालच्या आवाजात बोलतात, ते मला पाठ आहे. म्हणून जेव्हा एक बावीस वर्षांची अमेरिकन मुलगी माझ्या सोफ्यावर बसून आनंदाने म्हणाली, "हे माझं गॅप इयर आहे," तेव्हा मला आधी वाईटच वाटलं. म्हटलं, कुठल्या विषयात राहिली असेल बिचारी?

राहिली नव्हती. पदवी झाली होती, डॉक्टरकीचा अभ्यास वर्षभराने सुरू करायचा होता, आणि मधलं वर्ष ती मुंबईत आमच्या लोकांत काढणार होती. आमच्या म्हणजे बेने इस्राएलांच्या. आम्ही ज्यू, पण कोकणातले. रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर अशी आमची आडनावं. गावाला 'कर' लावलं की आमचं आडनाव झालं, तुमचं होतं तसंच.

अमेरिकेतल्या ज्यू घरांमध्ये ही वर्षभर बाहेर राहण्याची रीत जुनी आहे. बहुतेक मुलं इस्रायलला जातात. यंग जुदेया नावाच्या संघटनेचा 'इयर कोर्स' 1956 पासून चालू आहे. 1967 च्या युद्धानंतर तर देशोदेशीची तरुण मुलं किबुत्झवर, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतीवस्त्यांवर, संत्री तोडायला आणि गोठे साफ करायला लोटली, आणि त्यांतली कितीतरी ज्यूही नव्हती. मुंबईकडे येणारे थोडे. 'जॉइंट' ही 1914 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली मदतसंस्था इथे वर्षवर्षासाठी स्वयंसेवक पाठवत आलेली आहे. ही मुलगी अशाच एका योजनेतून आली होती. तिचं नाव मी सांगणार नाही. आमच्या मजल्यावर सगळे तिला 'पाहुणी' म्हणायचे, मीही तेच म्हणते.

पाहुणी पहिल्यांदा आली ती श्रावणातल्या एका शुक्रवारी. निथळत होती. दारातच थांबली, चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली. मेझुझा म्हणजे चौकटीला तिरकी ठोकलेली छोटी डबी, तिच्यात 'शेमा' या आमच्या मुख्य प्रार्थनेचे शब्द लिहिलेली गुंडाळी असते. समोरच्या काकू दार उघडून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमच्यातली आहे का हो?" मी म्हटलं, "हो, आमच्यातलीच." त्यावर काकू म्हणाल्या, "मग मराठी कशी येत नाही?"

या प्रश्नावर मी अजून हसते. काकूंनी चाळीस वर्षांत पाहिलेले सगळे ज्यू मराठी बोलणारे. त्यांच्या हिशेबाने मराठी न येणारा ज्यू हीच नवलाची गोष्ट. पाहुणीचा हिशेब बरोबर उलटा होता. अठराव्या वर्षी ती काही महिने इस्रायलमध्ये राहून आली होती, दिमोना गावात तिने भेळसुद्धा खाल्ली होती, पण ती भेळ करणारी बाई ज्यू असेल आणि घरी मराठी बोलत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता मनातली गोष्ट सांगते. ती येणार हे कळलं तेव्हा आमच्या मंडळीत उत्साह होता, तसा थोडा ताणही होता. कारण बाहेरून येणारा ज्यू आम्हाला काहीतरी शिकवायला येतो, हा आमचा जुना अनुभव. फार जुना. आमचे पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली कथा आहे. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिलं काय? तर 'शेमा इस्राएल' ही एक ओळ, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवार. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी बैल सोडायचे. म्हणून गावाने नाव ठेवलं, शनिवार तेली.

मग कधीतरी दाविद राहाबी नावाचे बाहेरचे ज्यू आले. त्यांनी आमच्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली, बाकीची परत केली. राहाबींची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घरांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे आमचे धर्मगुरू, केलं. ही आमची पहिली परीक्षा. तोंडी नव्हे, मासळीची. पुढे कोचीनचे गुरुजी आले. मिशनरी आले, त्यांनी हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू आले, त्यांनी आमच्याकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहिलं. आणि 1948 नंतर आमची माणसं इस्रायलला गेली, तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी आमच्या कुळाची चौकशी मांडली. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 1964 मध्ये तो प्रश्न मिटला, पण माझे वडील ते शेवटपर्यंत विसरले नव्हते. 'आपण खरे आहोत ना,' हे दुसऱ्याने तपासून सांगायचं, याचा त्यांना मनस्वी राग.

म्हणून पाहुणी पहिल्या शुक्रवारी टेबलाशी बसली तेव्हा मी तिच्या नजरेकडेच बघत होते. दिवे लावले. किद्दुशला, म्हणजे शनिवारच्या स्वागताच्या प्रार्थनेला, तिच्याकडे द्राक्षाची वाइन असते. आमच्याकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात, कारण कोकणात वाइन कुठून आणणार? तिने पेला नाकाशी नेला. मी वाट बघत होते, आता म्हणेल, हे चालतं का? ती म्हणाली, "याला किती वेळ भिजवायचं?" आणि वही काढली. म्हटलं, पोरगी बरी दिसते.

वहीत पुढे पुष्कळ भरत गेलं. मटणात नारळाचं दूध का, तर मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हाला वर्ज्य. नव्या वर्षाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. तिच्या योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, माझी आजी 'दारफाळणीचा सण' म्हणायची, पुरीमला 'होळीचा सण'. तिशा बेआव हा त्यांचा मोठ्या शोकाचा उपास, आणि आमच्या जुन्या बायकांच्या तोंडी त्याचं नाव 'बिरड्याचा सण', कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर. हे ऐकून ती खूप हसली आणि मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "आमच्याकडे सगळं पुस्तकातून आलं. हे पुस्तकाशिवाय टिकलं." मी म्हटलं, स्वयंपाकघरात टिकलं.

काम काय करायची? आठवड्यातून दोन दिवस मुलांना हिब्रू अक्षरं आणि गाणी शिकवायची. बाकीचे दिवस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, कुणाचं औषध आणायचं, कुणाला इस्रायलमधल्या नातवाशी व्हिडिओवर बोलायला मदत करायची. 1948 च्या सुमाराला आम्ही 20 हजारांच्या आसपास होतो. आता भारतात चार-पाच हजार उरलो असू. त्यामुळे अशा घरांत एक म्हातारं माणूस आणि भिंतीवर पंधरा जणांचा फोटो, हे चित्र ठरलेलं. पाहुणी मदत करायला जायची आणि चार घरी चार चहा पिऊन यायची. सुरुवातीला तिला फार अपराधी वाटायचं. "मावशी, मी आज काहीच केलं नाही, नुसतं खाल्लं." मी सांगायचे, बाळा, त्या बाईंनी आठवड्यात पहिल्यांदा दोन माणसांचा स्वयंपाक केला.

मराठी मात्र तिला जेवणाच्या पानावर आली. वाढताना 'बस' म्हणायचं असतं हे ती शिकली, पण त्याआधी महिनाभर कुणी 'बस, बस' म्हटलं की ही उभी असली तर खाली बसायची. आणि स्टेशनवर कुणी 'बस आली' म्हटलं की गोंधळायची. सहा महिन्यांत देवनागरी वाचायला लागली. दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात झाली आणि शेवटी माझ्या वडिलांचं जुनं प्रार्थनापुस्तक आलं, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. तिने मला हिब्रू बाजू वाचून दाखवायची, मी तिला मराठी. मी खोटं कशाला बोलू, माझी हिब्रू अडखळते. तिने ती सुधारली. शिकवणाऱ्यांच्या त्या लांब रांगेत तिचाही नंबर लागलाच, फक्त तिने फी म्हणून बिरड्याची कृती घेतली.

मधे ती फिरूनही आली. कोचीनला जाऊन 1568 चं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बघितलं, हिमाचलात कसोलला गेली. तिथे लष्करातून सुटलेली इस्रायली पोरं इतकी, की हॉटेलांच्या पाट्याही हिब्रूत. परत आल्यावर म्हणाली, तिथे मला भारतात असल्यासारखं वाटलं नाही. आणि विषय बदलला.

दिवाळीनंतर समुद्र शांत झाल्यावर मी तिला अलिबागला नेलं. गेटवेहून लाँचने मांडवा, पुढे रस्त्याने. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे 1848 पासूनची आमची मशीद आहे. हो, मशीदच. जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, यांनी 1796 मध्ये बांधलेली आमची पहिली मशीद मांडवीला आहे आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आमची माणसं अभिमानाने सांगतात. नौगावला पूर्वजांचं स्मारक बघितलं. खंडाळ्याचा खडक बघितला, म्हणजे अलिबागजवळचं खंडाळे, घाटातलं नव्हे. एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांचा रथ तिथून स्वर्गात गेला, त्याच्या खुणा खडकावर आहेत, अशी आमची श्रद्धा. पाहुणी खाली वाकून खुणा बघत राहिली. तिने 'हे खरं आहे का' असं विचारलं नाही. मलिद्याचं ताट मांडायला मात्र मदत केली, भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वर फळं आणि सुकामेवा.

आणि आता त्या गुरुवारची गोष्ट. गावाचं नाव राहू दे, रायगड जिल्ह्यातली छोटीशी मशीद. माझ्या वडिलांचा वर्षाचा दिवस होता. भाऊ मुद्दाम पुण्याहून आला होता कद्दीश म्हणायला. मेलेल्या माणसासाठी म्हणायची ही प्रार्थना, पण तिला दहा पुरुष लागतात. तेरा वर्षं पुरी झालेले दहा. आम्ही मोजले, नऊ भरले. प्रार्थना चालवणारे हझान घड्याळ बघत होते. कुणी मुंबईला गेलेला, कुणी आजारी. अर्धा तास गेला, मग एक तास.

मागच्या बाकावर मी आणि पाहुणी. ती हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या घरी मी मोजली जाते." मला माहीत होतं. तिच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या समितीने 1973 मध्येच बायकांना दहांत मोजायला मुभा दिली. तिच्या आजीचं कद्दीश तिने स्वतः उभं राहून म्हटलं होतं. ती रागावली नव्हती, हक्कही मागत नव्हती. नुसतं सांगत होती, की मी इथे आहे. आणि मी? मी तर त्या माणसाची सख्खी मुलगी. साठ वर्षं मी त्या बाकावर बसत आले, आणि मला मोजत नाहीत हे मला त्या सकाळपर्यंत कधी टोचलं नव्हतं. आमच्यात असंच आहे, एवढंच मी तिला म्हटलं. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मलाच ते पुरेसं वाटलं नाही.

शेवटी कुणीतरी स्कूटर काढली आणि दहावा आला. शाळेतून उचलून आणलेला, गणवेशातला, पाठीवर दप्तर. तेरा वर्षं नुकतीच पुरी झालेली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या हातात पुस्तक दिलं तर त्याला पान सापडेना. तो पुढचं मागे, मागचं पुढे करतोय. पाहुणी बाकावरून पुढे वाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "एकशे बारा." मुलाने मागे न बघता पान उघडलं. माझ्या भावाने कद्दीश म्हटलं. वडिलांना ऐकू गेलं असेल तर दोन्ही गेलं असेल.

बाहेर आल्यावर मुलगा रडकुंडीला आला होता. मधल्या सुट्टीनंतर शाळेत गेलं तर चिठ्ठी लागते, उशीर का झाला याची. मी मास्तरीणच, त्याच्याच वहीचं पान फाडून लिहून दिलं, "घरगुती कारणामुळे उशीर झाला, क्षमस्व." पाहुणीने चिठ्ठी हातात घेतली, अक्षर अक्षर लावून वाचली आणि मला विचारलं, "मावशी, घरगुती?"

मी चिठ्ठी परत घेतली, फाडली, आणि दुसरी लिहिली. "प्रार्थनेला एक माणूस कमी पडत होता, म्हणून याला बोलावलं." खाली माझी सही केली, मग पेन तिच्याकडे दिलं. तिने देवनागरीत सही केली. जरा वाकडी आली, पण वाचता येत होती.