जमिनीत पुरलेला रांजण

श्रोतेहो, नमस्कार. आज मला तुमच्याशी एका रांजणाबद्दल बोलायचं आहे.

जॉर्जिया देशाच्या पूर्व भागात, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी काखेती नावाचा प्रांत आहे. तिथल्या एका घरी यजमानीणबाईंनी मला वाईन करायची खोली दाखवली. या खोलीला तिकडे मरानी म्हणतात. आत ना यंत्रं, ना स्टीलच्या टाक्या. जमिनीवर नुसती झाकणं, आणि त्यांच्याखाली गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. या रांजणाचं नाव क्वेव्री.

त्यातल्या वाईनचा पहिला घोट मला आवडला नव्हता. द्राक्षं पांढरी, पण रंग मधासारखा आणि तुरटपणा असा की जीभ आवळून यावी. हे असं का, ते समजून घ्यायच्या नादात मी पडलो, आणि त्या नादातच ही चव माझी होऊन गेली.

एरवी पांढरी वाईन करताना रस काढून साली लगेच बाजूला करतात. काखेतीत मात्र तुडवलेली द्राक्षं रस, साली, बिया, पुष्कळदा देठांसकट रांजणात जातात. या चोथ्याला ते चाचा म्हणतात. रंग आणि तुरटपणा उतरतो तो त्यातूनच. विकतचं यीस्ट घालत नाहीत, सालीवरचं आणि मरानीतलं यीस्टच कामाला लागतं. घरी डोशाचं पीठ आंबवणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. रस फसफसू लागला की साली तरंगून वर येतात आणि त्यांचा जाड थर धरतो. तो लाकडी दांड्यानं दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो. फसफस ओसरली की साली आपोआप खाली बसतात. मग झाकण ठेवायचं, कडा लिंपायच्या आणि वसंतापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

मला भुरळ घातली ती आकारानं. क्वेव्री अंड्यासारखी, बुडाशी निमुळती. जड बिया आधी टोकात जाऊन बसतात, त्यांच्यावर साली आणि गाळ साचतो, त्यामुळे बियांचा कडूपणा वर फारसा येत नाही. बाहेरची माती उष्णता शोषून घेते, म्हणून रस तापत नाही. वाईन आपली आपणच निवळते. आतून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिलेला असतो. कुंभार हे रांजण चाकावर करत नाहीत, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, प्रत्येक थर वाळू देत, कित्येक दिवस खपून घडवतात.

जॉर्जियात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर द्राक्षांच्या वाईनचे रासायनिक अंश सापडल्याचं संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलं. क्वेव्रीची पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१३ मध्ये आली. जॉर्जिया सोव्हिएत संघात होता त्या काळात कारखान्यांना हवी होती ढीगभर वाईन. ही रीत टिकली ती घरांतून, अंगणातल्या रांजणांतून. आणि २००१ पासून इटलीतल्या योश्को ग्राव्हनर यांच्यासारखा नावाजलेला वाईनकार स्वतःच्या वाईनसाठी हेच रांजण वापरू लागला! गोव्यातही फेणीसाठी काजूबोंडांचा रस जमिनीत पुरलेल्या मडक्यांत आंबवायची जुनी चाल आहे, हे मला तेव्हा फार आपुलकीनं आठवलं.

ही वाईन कधी चाखलीत तर अगदी थंडगार नको, जराशीच गार असू द्या. सोबत वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून करतात तो तिकडचा पदार्थ असला तर तुरटपणा कसा विरघळतो ते बघा.

वसंतात वाईन उपसली की रांजण धुवायचा. दांड्याच्या टोकाला चेरीच्या झाडाच्या सालीचा जुडगा बांधून आतल्या भिंती घासतात, पाणी उपसतात, पुन्हा घासतात. मी मरानीच्या दारात उभा राहून बघत होतो. यजमानीणबाई प्रत्येक वेळी उपसलेलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगत आणि मान हलवून म्हणत, अजून एकदा.