बेसिनचा नळ बदलताय? आधी बेसिनकडं बघा

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून कुठून ऐकत असाल तिथं सगळ्यांना नमस्कार. आज बाथरूममधल्या बेसिनच्या नळाबद्दल बोलायचंय. जुना नळ गळायला लागतो, वायसर बदलून बदलून कंटाळा येतो, सणाच्या आधी एकदाचा नवीन बसवून टाकूया म्हणून माणूस दुकानात जातो आणि तिथं भिंतभर लावलेले चकचकीत नळ बघून घरातलं बेसिन कसं आहे तेच विसरतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढं परत परत सांगणार आहे: आधी बेसिन बघा, मग नळ.

आता आमच्या टिळकवाडीतल्या काकांकडं काय झालं ते ऐका. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो, काका रागावले तरी सांगतो.

काकांचं बेसिन साधं, भिंतीला लावलेलं, पांढरं, जरा उथळच. मुलगा पुण्याला असतो, गणपतीला येताना काळा मॅट फिनिशचा, चांगला फूटभर उंच नळ घेऊन आला. प्लंबर बघून म्हणाला, "मालक, हा टेबलटॉप, म्हणजे कट्ट्यावर ठेवायच्या बेसिनचा नळ, इथं उंच होतंय की." काका म्हणाले, भोकात बसतोय न्हवं, मग बसव. आणि बसला की हो! आजकालच्या बेसिनला भोक साधारण पस्तीस मिलिमीटरचं असतंय, उंच नळ काय नि बुटका काय, दोन्ही त्यात बसतात. घोळ तिथंच होतो.

गौरी जेवणाचा दिवस. गडहिंग्लजहून व्याही आलेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. हात धुवायला आत गेले आणि लिव्हर केला पूर्ण वर. एवढ्या उंचीवरनं धार उथळ बेसिनमध्ये पडली आणि उसळून सरळ पोटावर. बाहेर आले तर सदरा गळ्यापासून खालपर्यंत ओला. काकांनी विचारलं, काय हो, काय झालं? व्याही म्हणाले, "काही नाही, जरा गरम होत होतं." आता बोला! व्याही ते व्याही, दुसऱ्याच्या घरात तक्रार कशी करणार. त्यांच्यामागनं भटजी गेले, ते भिजून आले, मग काकांचे साहेब भिजून आले, आणि पोरांना पत्ता लागल्यावर ती तर मुद्दामच हात धुवायला पळायला लागली. शेवटी काकूंनी चक्का बांधायचं फडकं आणलं आणि नळाच्या तोंडाला रबर लावून बांधलं, तेव्हा कुठं धार मवाळ झाली. एवढा महागाचा काळा नळ आणि त्याला श्रीखंडाचं फडकं, त्याच्याखाली हात धुवून लोक पुरणपोळीला बसले.

बरं, एवढ्यावर मिटावं की नाही? नळ बदलायचा सोडून मुलगा म्हणाला आपण बेसिनच बदलू. मग टेबलटॉप बेसिन आलं, ते ठेवायला ग्रॅनाइटचा कट्टा आला, कट्ट्यासाठी टाइल्स फोडल्या. कट्टा केला जुन्या बेसिनच्या उंचीला, त्याच्यावर हे बेसिन आणि पाच-सहा इंच, आणि काकू आमच्या जेमतेम पाच फूट. चूळ भरायची तर टाचा वर करायच्या. आरसा पण वर सरकवावा लागला, त्यात आता काकूंचं फक्त कुंकू दिसतंय. काकांना मात्र दाढी करायला आरसा झकास झालाय, त्यामुळं ते गप्प.

तर काय सांगत होतो, आधी बेसिन बघा. भोकं किती आहेत, एक, दोन की तीन? जुन्या बेसिनांना दोन्ही बाजूला दोन भोकं असतात, तिथं एक नळ लावला तर दुसऱ्याला झाकण बसवून घ्या. मोबाईलवर फोटो काढा, वरनं एक, खालनं एक, आणि टेपनं मापं घ्या. धार पाणी जायच्या जाळीच्या आसपास पडली पाहिजे, मागच्या उतारावर नको आणि काठावर तर नकोच. साध्या बेसिनला बुटका नळ, टेबलटॉपला उंच नळ. परत सांगतो, साध्याला बुटका, टेबलटॉपला उंच.

दुसरं प्रेशरचं. टाकीचं पाणी असेल तर दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतंय. आपल्या बैठ्या घरात टाकी डोक्यावर तीन-चार मीटरवर, म्हणजे अर्धा बार सुद्धा नाही. भारीतला मिक्सर, म्हणजे गरम-गार दोन्ही पाणी एकत्र देणारा नळ, घेताना बॉक्सवर कमीत कमी किती बार लागतंय ते वाचा, नाहीतर हजारो रुपये घालून करंगळीएवढी धार. आणि बेसिनला गीझरची लाईनच नाही तर मिक्सर कशाला हवाय? साधा पिलर कॉक, म्हणजे नुसत्या गार पाण्याचा नळ, घ्या की. लोक दिसायला मिक्सर घेतात आणि गरमची बाजू जन्मभर बंद. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या क्रोकरीसारखंच ते, आमच्याकडं पण आहे, कुणी काढत नाही.

राहिलं दिसण्याचं. गोल बेसिनला गोल नळ, चौकोनीला चौकोनी. बेसिनखालचा सांडपाण्याचा बाटलीसारखा बॉटल ट्रॅप, टॉवेल रॉड क्रोमचे असतील तर नळ पण क्रोमचाच घ्या, एकटा काळा नळ उपरा दिसतो. आणि बोअरचं पाणी असेल तर काळ्याचा नाद सोडा, क्षारांचे पांढरे डाग रोज पुसत बसाल. ॲसिडनं घासाल तर फिनिश गेलंच. हातात घेऊन वजन बघा, पितळी नळ जड लागतो. शोरूममध्ये पिवळ्या लाईटखाली सगळंच सोन्यासारखं दिसतंय, म्हणून मी गणपत गल्लीतल्या ट्यूबलाईटच्या दुकानातच जातो, मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, तो बॉक्स उघडून दाखवतो.

आणि बसवायच्या आदल्या दिवशी बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाला येणारं पाणी बंद करायची चावी, फिरवून बघा. वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो, अडकून बसतो. तो बंद होत नसेल तर टाकीचा व्हॉल्व बंद करावा लागतोय, आणि तो कुठला ते प्लंबर यायच्या आधी शोधून ठेवा. नमस्कार.