तिसरा कान

श्रोतेहो, नमस्कार. ‘फोनवर नको, भेटल्यावर सांगते,’ असं आपण कितीदा तरी म्हणतो. आपलं बोलणं कुणी ऐकलं तर? त्यावर माझा एक आवडता किस्सा आहे, मुंबईतला.

साल 1964. तेव्हा मुंबईत कॉरोनर असायचे, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे. एका डॉक्टरांचा रुग्ण अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दगावला. प्रकरण कॉरोनरकडे गेलं. साहेबांनी मागितले 20 हजार! घासाघीस होऊन आले 10 हजारांवर, मेथीच्या जुडीसारखे. डॉक्टरमंडळींनी लाचलुचपत खात्याला गाठलं. मग एका डॉक्टरांच्या घरच्या फोनला पोलिसांनी टेपरेकॉर्डर जोडला, डॉक्टरांनी कॉरोनरना फोन लावला आणि साहेब बोलत राहिले. सगळं टेपवर!

कोर्टात साहेब म्हणाले, 1885 चा टेलिग्राफ कायदा चोरून ऐकायला मनाई करतो, टेप बाद करा. सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने राजीखुशीने मशीन लावू दिलं होतं. म्हणजे चोरून ऐकणारा तिसरा कुणी नव्हताच. लक्षात घ्या हं, दोघांपैकी एक राजी होता.

दोघांनाही पत्ता नसताना सरकारने ऐकलं, तर मात्र ते टॅपिंग. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग, घटनेच्या कलम 21 खालचा. टॅपिंगला गृहसचिवांचा हुकूम लागतो. तो चालतो दोन महिने, वाढवून फार तर सहा. आणि कारण हवं सार्वजनिक आणीबाणीचं किंवा सार्वजनिक सुरक्षेचं. पुन्हा सांगते, आणीबाणी किंवा सुरक्षा. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यातही हे शब्द आहेत.

आता गंमत बघा. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढेही लाचेचंच प्रकरण होतं. फोन टॅप केला होता सीबीआयने. न्यायालय म्हणालं, यात कुठली आणीबाणी आणि कुठली सुरक्षा? टॅपिंगचे हुकूम रद्द झाले, रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. शहर तेच, आरोप लाचेचाच, पण एक टेप टिकली आणि दुसरी गेली.

बाकी हल्ली टॅपिंगची गरजच काय म्हणा! परवा लोकलमध्ये एक बाई स्पीकरवर जावयाच्या पगाराचा हिशेब मांडत होत्या, दादर ते ठाणे. सगळा डबा ऐकत होता. जावई राजी होता की नाही, देव जाणे.