सुई, स्लाइड आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस’. आपल्या कुत्र्याच्या अंगाला गाठ लागली, कुणीतरी कॅन्सरची शंका बोलून दाखवली, आणि नक्की असं अजून काहीच कळलेलं नाही, ते दिवस कसे काढायचे. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी मला सुईबद्दल बोलायचंय, कारण हे दिवस विनाकारण लांबतात ते बरेचदा सुईच्या भीतीनं लांबतात.

समोरचे निम्मे चेहरे टेकडीवर कुत्री फिरवायला येणाऱ्यांचे आहेत. तुमची नावं मला अजून पाठ नाहीत. ब्रूनोचे बाबा, चिंगीची आई, अशीच आपली ओळख, आणि मी तुमच्यासाठी राणीची आजी. त्यामुळे कुत्र्याचा एवढा जीव का लावून घ्यायचा, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. माझं आयुष्य सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवण्यात गेलं. माणसांच्या गाठींच्या स्लाइड पाहायच्या आणि मुलांना पाहायला शिकवायचं. प्राण्यांची मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा डोस मला विचारू नका, तो तुमच्या व्हेटना विचारा. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढं मी अधिकारानं बोलू शकते.

गाठ सापडते कधी? आंघोळ घालताना, गोचीड काढताना, नाहीतर संध्याकाळी पोट खाजवून देताना. बोटाला काहीतरी लागतं. मग घरातला प्रत्येक जण हात लावून बघतो आणि प्रत्येकाचं मत पडतं. ‘मऊ आहे, हलतेय, म्हणजे चरबीचीच.’ हे बहुतेक वेळा खरंही निघतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. उतारवयातल्या कुत्र्यांना, त्यातून लॅब्रेडॉरला, चरबीच्या गाठी सर्रास होतात. हालचालीच्या आड येत नसतील तर त्या काढायचीही गरज नसते. पण मास्ट सेल ट्यूमर म्हणून कुत्र्यांच्या कातडीची एक कॅन्सरची गाठ असते, ती हाताला हुबेहूब तशीच लागू शकते. कधी ती चामखिळीसारखी दिसते, कधी किडा चावल्यासारखी. आज फुगते, उद्या उतरते, कारण त्या पेशींत हिस्टमिन भरलेलं असतं आणि ते सुटलं की सूज येते. गाठ उतरली की घरात आनंद होतो, आता आपोआप जाणार म्हणून. आणि एक सांगून ठेवते. आल्यागेल्याला ती गाठ दाबून बघू देऊ नका. दाबल्यानं तेच रसायन सुटतं, कुत्र्याला उलट्या होऊ शकतात, पोटात व्रण पडू शकतात. पाहुण्यांना चहा द्या, गाठ देऊ नका.

या मास्ट सेल पहिल्यांदा नीट ओळखल्या पाउल एर्लिश या जर्मन संशोधकानं, 1878 सालच्या त्याच्या प्रबंधात. विशिष्ट रंग घातले की या पेशींमधले कण उठून दिसतात, हे त्याला दिसलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आजही आपण तेच करतो. रंग घालतो आणि कण शोधतो. हा एर्लिश पुढे पुन्हा भेटणार आहे, लक्षात ठेवा.

आता राणीची गोष्ट. राणी माझी लॅब्रेडॉर. तिला दोन गाठी होत्या, एक बरगडीवर, एक मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला. हाताला दोन्ही सारख्या, साधारण सुपारीएवढ्या. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे हात फिरवून निकाल मिळाला, ‘दोन्ही चरबीच्या आहेत, लॅबला असतातच.’ मी म्हटलं, सुईनं थोडं काढून बघू या. त्यावर ऐकायला मिळालं, ‘कशाला छेडायचं मॅडम? सुई लागली की पसरतं.’

मंडळी, हे वाक्य मी नोकरीत जन्मभर ऐकलं होतं. गावाकडून आलेल्या आज्या म्हणायच्या, शिकलेले जावई म्हणायचे. प्राण्यांच्या दवाखान्यातही तेच कानावर आलं, तेव्हा मला खरोखर राग आला. अजून येतो. या समजुतीनं माणसांचे जीव गेलेत आणि कुत्र्यांचेही जाताहेत.

ही समजूत येते कुठून ते बघा. शेजारच्या कुणाला तरी गाठ होती. वर्षभर तिला हात लावला नाही. मग ती वाढली, दुखायला लागली, फुटली, तेव्हा दवाखाना गाठला. तिथे सुई टोचली, कॅन्सर निघाला, आणि काही महिन्यांत माणूस गेला. सगळ्या आळीनं पाहिलं ते एवढंच, की सुई टोचली आणि माणूस गेला. आधीचं वर्ष कुणी मोजलंच नाही. रोग पसरला होता तो त्या वर्षात.

सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे गाठ होणं कधीच घडत नाही असं मी म्हणणार नाही. कुत्र्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरबाबत हे नोंदलं गेलंय, म्हणून तिथे पोटातून सुई घालायचं टाळतात. प्लीहेवर रक्तानं भरलेली गाठ असेल तर तिथेही डॉक्टर जपून राहतात, कारण ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो. पण कातडीवरच्या, कातडीखालच्या गाठीला सुई लावून जे कळतं, त्यापुढे हा धोका अगदी किरकोळ आहे.

तर मी दुसरीकडे गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी राणीला बिस्किट दाखवलं आणि बिस्किट खाऊन व्हायच्या आत दोन्ही गाठींतून नमुने घेतले. भूल नाही, टाका नाही. सुई आपल्या इंजेक्शनचीच, बावीस नंबरची. बरगडीवरच्या गाठीची स्लाइड वाळेचना, नुसतं तेलकट. ही चरबीची खूण. असा नमुना वाळत नाही आणि अल्कोहोलमध्ये बुडवला की बराचसा धुऊन जातो. मांडीवरच्या गाठीची स्लाइड मी गिम्सा नावाच्या रंगानं रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल गोल पेशी, जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या. मास्ट सेल. एकाच कुत्रीच्या, हाताला एकसारख्या लागणाऱ्या दोन गाठी, एक निरुपद्रवी आणि दुसरी कॅन्सरची. हात फिरवून दिलेल्या निकालावर विसंबले असते तर दोन्ही तशाच राहिल्या असत्या.

अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ स्यू एटिंगर एक साधा नियम सांगतात. गाठ वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल आणि महिनाभर टिकली असेल, तर सुई लावा. मी यात माझी भर घालते. ती झपाट्यानं वाढत असेल, रंग बदलत असेल, चिघळली असेल किंवा कुत्रं ती सारखी चाटत असेल, तर महिना थांबायचंच नाही.

सुईची मर्यादाही सांगायला हवी. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, पण भात सगळीकडून सारखा शिजलेला असतो, गाठ तशी नसते. नुसतं रक्त येतं, मेलेल्या पेशी येतात, कधी काहीच येत नाही. स्तनांच्या गाठींत तर सुईवरून नेहमी खात्रीनं सांगता येत नाही. कुत्रीला स्तनांच्या सहसा पाच जोड्या असतात. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये या गाठी फार होतात, साध्याही असतात आणि वाईटही. तिथे गाठ काढून तुकड्याची तपासणी करणं हाच खरा निकाल. स्लाइडवर ‘निष्कर्ष निघत नाही’ असं लिहून आलं तर त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेऊ नका. पुन्हा नमुना द्या.

आणखी एक, खास आपल्याकडचं. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी आल्या की लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची, शंका घेतात, ती घ्यायलाच हवी. पण आपल्याकडे गोचिडांचा ताप केवढा आहे! त्या तापातही याच गाठी सुजतात, प्लीहा वाढते, नाकातून रक्त येतं, कुत्रं वाळतं. तो ज्या जंतूमुळे होतो त्याचं नाव एर्लिकिया, आपल्या त्याच एर्लिशच्या सन्मानार्थ ठेवलेलं. डॉक्सिसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकदा आटोक्यात येतो. कॅन्सर समजून घरानं आशा सोडावी आणि निघावा गोचिडांचा ताप, असं होता कामा नये. रक्ताची तपासणी आणि सुई, दोन्ही मागून घ्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालणारी मंडळीही इथे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसली तर ते कुत्रं संपलं असं समजू नका. हा कॅन्सर एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातो, समागमातून, चाटण्यातून. काही हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्यात तो सुरू झाला आणि त्याच मूळ पेशींचे वंशज आजही एकातून दुसऱ्यात उतरताहेत. माणसाला तो होत नाही. आणि तो व्हिन्क्रिस्टीननं, आठवड्याला एक याप्रमाणे दिलेल्या इंजेक्शनांनी, बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो. व्हिन्क्रिस्टीन मिळतं सदाफुलीपासून. तुमच्याआमच्या अंगणातली सदाफुली. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता भरभर घेते.

राणीची गाठ भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढली आणि तुकडा प्रयोगशाळेत गेला. मास्ट सेल आहे हे कळलं होतं, पण ती कमी दर्जाची, म्हणजे सावकाश वाढणारी, की आक्रमक, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत की नाहीत, हे तुकड्यावरूनच कळतं. त्याला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. त्या दिवसांत घरी फोन येत होते, आणि ‘कुत्रंच तर आहे, एवढं काय’ हे वाक्य जवळच्या माणसांकडून आलं. असं बोलणाऱ्याला उत्तर देत बसायची ताकद तेव्हा नसते. मी सांगून टाकलं, रिपोर्ट आला की मीच फोन करीन. तुम्हीही सांगा. टेकडीवरची, कुत्रं घरात असलेली दोन माणसं त्या दिवसांत जवळ असू द्या, तेवढी पुरतात.

कुत्र्याचा रोजचा क्रम मोडू नका. फिरायची वेळ तीच, जेवण तेच. मी पाहिलेलं एक घर सांगते. आता किती दिवसांचा सोबती म्हणून कुत्र्याला चीज, तळलेलं चिकन, पेढे, सगळं सुरू झालं. गाठीचा रिपोर्ट चांगला आला, पण तोवर त्या कुत्र्याचं स्वादुपिंड सुजलं आणि त्याला सलाइन लावून ठेवावं लागलं. लाड जरूर करा, पण तुपातले नकोत.

घरातल्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खराब करतात. आणि सुई लावण्याआधी, विशेषतः लिम्फोमाची शंका असताना, स्टिरॉइड सुरू करू देऊ नका. कुत्र्याला दोन दिवस तरतरी येते, गाठी उतरतात, पण तपासणीत रोग लपतो आणि पुढचे उपचारही कमी लागू पडू शकतात. श्वास अडला असेल, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर ठरवतील.

पैशांचं बोलणं रिपोर्ट यायच्या आधी करा. घरातल्या सगळ्यांनी बसून, किती खर्च झेपेल, इंजेक्शनांना नेणार कोण, म्हातारपण कितपत आहे, हे ठरवा. ऐन वेळी रडत ठरवलेलं कुणालाच पटत नाही. कुत्र्यांच्या केमोथेरपीला घाबरू नका. तिचे डोस माणसांपेक्षा सौम्य ठेवतात, कारण उद्देश चांगले दिवस मिळवण्याचा असतो. बहुतेक जातींचे केसही फारसे झडत नाहीत. पण नाही झेपत, तर उपचार न करता वेदना आवरत ठेवणं हाही उपचार आहे, आणि तो निवडणाऱ्याला अपराधी वाटायला लावण्याचा हक्क कुणालाच नाही. तेव्हा अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांची मोजपट्टी वापरा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना दहापैकी गुण द्यायचे. रविवारी घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे द्या आणि मग ताडून बघा.

मुलांना खरं सांगा. ‘तपासायला दिलंय, कळलं की तुलाही सांगू’ एवढंच पुरतं. मुलांना घरातली कुजबुज ऐकू येते आणि ती त्याहून वाईट काहीतरी मनात रचून बसतात.

राणीचा रिपोर्ट चांगला आला. कमी दर्जाची गाठ, कडा मोकळ्या. पुढे ती म्हातारी झाली आणि मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. सगळ्यांचं असं होत नाही, हेही मला माहीत आहे. या खोलीत असे दोघेतिघे बसलेत ज्यांचा रिपोर्ट वाईट आला, आणि त्यांनी शेवटपर्यंत जे केलं ते मी पाहिलंय.

चिठ्ठ्यांतला एकच प्रश्न घेते, कारण तो फार महत्त्वाचा आहे. ‘आमच्याकडे गाठ काढली, पण डॉक्टर म्हणाले तपासायची गरज नाही, टाकून दिली.’ हे फार ठिकाणी होतं. पुढच्या वेळी ऑपरेशनच्या आधीच विचारा, तुकडा कुठे पाठवणार? रुंद तोंडाची बाटली, दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट द्रव, बाहेर कुत्र्याचं नाव, तारीख आणि गाठ कुठून काढली ते. दवाखान्यात बाटली नसेल तर जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमधून आदल्या दिवशी घेऊन ठेवा. माणसांच्या लॅबमधलीसुद्धा चालते.