नऊ दिवसांचं मेण

(वितळतं मेण, जवळून)

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या मेणबत्त्या घरी ओतायच्या, तर मेणाचं पातेलं थेट गॅसवर चढत नाही. खाली उकळत्या पाण्याचं मोठं भांडं, त्यात हे. किलोभर पॅराफिनला १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड पडतं, म्हणजे मेणबत्ती टणक होते, साच्यातून अलगद सुटते. ओतायचं ८० अंशांच्या आसपास. फार तापलेलं ओतलं तर मधे खोल खड्डा पडतो, निवलेलं ओतलं तर अंगावर वळ्या दिसतात. पाण्याचा एक थेंब आत गेला की ज्योत तडतडते.

साच्याला आतून गोडेतेलाचा हात. वात आधी मेणात बुडवून सरळ ताणलेली. खाली गाठ, वर आडवी काडी. ताण सैल पडला की वात एका अंगाला सरकते, तीच बाजू आधी वितळते आणि मेण वाया ओघळतं.

(साच्याचं तोंड)

हा खळगा बघा. निवताना मेण आकसतं, त्याला इलाज नाही. वर साय धरली की वातीजवळ काडीनं टोचायचं आणि दुसरी धार सोडायची. लवकर व्हावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवाल, तर तडे.

(चर्च, संध्याकाळ)

कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की आधी वायल्डर मेमोरियल चर्च आठवतं. ते ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर इथं आले १८५२ मध्ये. पण त्या प्रॉटेस्टंट परंपरेत संतांच्या सणांना फारशी जागा नाही. ही मेणबत्ती कॅथलिक घरांची.

२४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त, म्हणजे सण. नऊच दिवस का? येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य पवित्र आत्म्याची वाट पाहत नऊ दिवस प्रार्थनेत होते, तो हिशेब.

झेवियर मूळचे आजच्या स्पेनमधल्या नवाराचे. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. वय ४६. शवपेटीत चुना भरला होता. मांस लवकर झडावं, हाडं नेता यावीत म्हणून. दोन-अडीच महिन्यांनी उकरलं तेव्हा देह शाबूत होता, असं तेव्हाचे लोक लिहून गेलेत. १५५४ मध्ये तो गोव्यात आला, १६२२ मध्ये संतपद मिळालं.

(वेदी)

नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की कापड जांभळं. फेस्ताच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, तेवढं पांढरं. झेवियर हुतात्मा नव्हते, नाहीतर लाल असतं.



(आजरा-आंबोलीमार्गे गोव्याची एसटी)

जुन्या गोव्याला न्यायच्या मेणबत्त्या कागदात एकेक गुंडाळून मांडीवर. इंजिनाजवळ ठेवल्या की पोहोचेपर्यंत वाकतात.

(पुन्हा पातेलं)

जळून उरलेलं मेण फडक्यातून गाळायचं. काजळी, वातीचे तुकडे वर राहतात. गाळलेलं मेण छोट्या मेणबत्त्यांना चालतं. मोठीला नको, ज्योत धुरकटते.